हे दुखणे पोटाचे की हृदयाचे?

पौष-माघाच्या दिवसांत लखनौला जे धुके पडते, त्याची कल्पना पुण्या-नागपूरकडच्या माणसाला सहसा येत नाही. सकाळचे नऊ वाजले तरी गोमतीच्या एका काठावरून दुसरा काठ दिसत नाही. चौकातल्या दुकानांपुढे शेकोट्या पेटलेल्या असतात, आणि बदली होऊन नव्याने आलेली मराठी कुटुंबे पहिल्या हिवाळ्यातच रजई या वस्तूचे खरे मोल जाणतात. अशा थंडीत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्तात गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढते आणि हृदयाला नेहमीपेक्षा अधिक जोराने काम करावे लागते. हृदयविकाराचे झटके हिवाळ्यात, आणि दिवसाच्या वेळांपैकी सकाळच्या प्रहरी, अधिक येतात ही गोष्ट वैद्यकाला बऱ्याच काळापासून ठाऊक आहे.

परंतु या महिन्याच्या चर्चेला थंडी हे केवळ निमित्त आहे. सांगावयाचे ते निराळेच. झटका आलेल्या माणसाचा मोलाचा वेळ नेमका कोठे जातो? काही रस्त्यात जातो, काही रुग्णालयाच्या दारात जातो, हे खरे. तथापि त्याहून कितीतरी अधिक वेळ घरातच, बिछान्याच्या कडेला बसून, ‘हे नक्की काय आहे?’ याची चर्चा करण्यात जातो. २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात भारतातील ५० शहरांमधल्या ८९ रुग्णालयांतील २०,४६८ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंत गेलेल्या वेळाचा मध्यक होता ३६० मिनिटे. म्हणजे निम्म्या रुग्णांना सहा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागला. रुग्णालयात आल्यानंतर गुठळी विरघळविणारे औषध सुरू होण्यास लागलेल्या वेळाचा मध्यक मात्र पन्नास मिनिटांचा होता. रुग्णालयांच्या दिरंगाईबद्दल आपण पुष्कळ बोलतो, आणि बोलावयासही हवे. पण हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे आपल्या उंबरठ्याच्या आत काय घडते, याचाही विचार करणे भाग पडते.

लखनौशी ज्यांचे नाव जोडलेले आहे अशा एका प्रसिद्ध व्यक्तीचे उदाहरण येथे आठवते. फिरोज गांधी हे १९४६ पासून काही वर्षे लखनौच्या ‘नॅशनल हेरल्ड’ या दैनिकाचे व्यवस्थापकीय संचालक होते. पुढे ते रायबरेलीचे खासदार म्हणून दिल्लीला गेले, आणि १९५७ अखेर मुंदडा प्रकरणावर लोकसभेत केलेल्या भाषणामुळे देशभर गाजले. १९५८ मध्ये त्यांना हृदयविकाराचा पहिला झटका आला. त्यातून ते उठले. १९६० च्या सप्टेंबरमध्ये छातीत पुन्हा दुखू लागले, तेव्हा त्यांनी आपल्या डॉक्टरांना दूरध्वनी केला, आणि चरित्रकारांनी लिहिल्याप्रमाणे स्वतःच मोटार चालवीत ते दिल्लीच्या विलिंग्डन रुग्णालयात गेले. तेथेच ते कोसळले. ८ सप्टेंबरच्या सकाळी त्यांचे निधन झाले. त्यांना अठ्ठेचाळिसावे वर्ष पूर्ण होण्यास चार दिवस उणे होते.

वाचकांनी या हकिगतीतील दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. एक, वय. हृदयविकार हा म्हातारपणाचा रोग आहे, ही समजूत आपल्याकडे अजून ठाण मांडून बसली आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ नावाच्या ५२ देशांच्या पाहणीत असे आढळले, की दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका येण्याचे मध्यक वय ५३ वर्षे आहे आणि इतर देशांत ते जवळजवळ सहा वर्षांनी अधिक आहे. म्हणजे घरात मुलांची शिक्षणे चालू असतात, कर्जाचे हप्ते फिटावयाचे असतात, तेव्हाच हे संकट येऊन उभे राहते. दुसरी गोष्ट, मोटार. छातीत दुखत असताना स्वतः वाहन चालवीत जाणे हे धैर्य दिसते खरे. परंतु हृदयाची लय वाटेतच बिघडली, तर चालकासह रस्त्यावरील इतरांचेही प्राण धोक्यात येतात. १९६० साली दुसरा मार्गही फारसा नव्हता. छातीवर बाहेरून दाब देऊन थांबलेले हृदय चालू ठेवता येते, हा शोध अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील डॉक्टरांनी त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात प्रसिद्ध केला होता. हृदयरोग्यांसाठी स्वतंत्र अतिदक्षता कक्ष त्यानंतरचे. फुग्याच्या साहाय्याने हृदयाची रोहिणी उघडण्याची क्रिया झुरिच येथे प्रथम झाली ती १९७७ च्या सप्टेंबरात. आज ही सर्व साधने आपल्याजवळ आहेत. ती रुग्णाच्या उपयोगी पडावयाची, तर रुग्ण त्यांच्यापर्यंत वेळेवर पोचला पाहिजे, एवढीच अट आहे.

आत घडते ते काय, हे थोडक्यात समजून घेऊ. हृदय हा स्नायू आहे. दिवसरात्र शरीरभर रक्त फिरविणाऱ्या या स्नायूला स्वतःलाही रक्त लागते. ते त्याला बाहेरून वेढणाऱ्या रोहिण्यांतून मिळते. वर्षानुवर्षे त्यांच्या आतल्या अस्तराखाली मेदाचे थर साचत जातात. एखाद्या दिवशी अशा थराचे पातळ आवरण फाटते. शरीराला ती जखम वाटते. जखमेवर जशी खपली धरावी तशी रक्ताची गुठळी तेथे धरते, आणि रोहिणीचा मार्ग बंद होतो. पुढचा स्नायू रक्तावाचून तडफडू लागतो. साधारणतः अर्ध्या तासात त्यातील पेशी मरू लागतात आणि पुढच्या काही तासांत ही हानी आतून बाहेर पसरत जाते. मेलेला हृदयस्नायू पुन्हा उगवत नाही; त्या जागी व्रण राहतो. मार्ग पहिल्या तासा-दोन तासांत मोकळा झाला तर पुष्कळसा स्नायू वाचतो. बारा तासांनंतर गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा लाभ फारच थोडा उरतो.

आता लक्षणांकडे वळू. चित्रपटांनी आपल्या मनावर एक दृश्य ठसविले आहे : नायिकेचा वृद्ध पिता छातीवर हात ठेवतो, एक आर्त उद्गार काढतो आणि जिन्यावरून कोसळतो. प्रत्यक्षात बहुतेक झटके असे येत नाहीत. ते हळूहळू येतात. छातीच्या मध्यभागी, उरोस्थीच्या मागे, जड वाटते. कुणी दाबून धरल्यासारखे, पट्ट्याने आवळल्यासारखे, किंवा नुसतेच जळजळल्यासारखे. पुष्कळ रुग्ण ‘दुखते’ हा शब्दच वापरीत नाहीत. ते म्हणतात, “ओझे ठेवल्यासारखे होते.” आणि हे सांगताना बहुधा बोटाने जागा दाखवीत नाहीत, तर मूठ वळून छातीवर धरतात. बॉस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ सॅम्युएल लेव्हिन यांनी या मुठीकडे वैद्यांचे लक्ष वेधले, आणि आजही त्या खुणेला त्यांचेच नाव आहे. आपल्या घरातील माणूस असे सांगताना मूठ वळतो काय, हे पाहणे कुणालाही जमेल.

ही अस्वस्थता काही मिनिटांपेक्षा अधिक टिकते, किंवा जाते आणि पुन्हा येते. ती डाव्या हातात, कधी दोन्ही हातांत, खांद्यात, पाठीत, मानेत, खालच्या जबड्यात उतरते. क्वचित छातीत काहीच न होता केवळ जबडा किंवा हातच दुखतो, आणि माणूस दंतवैद्याकडे जाण्याचा विचार करू लागतो. याचे कारण मज्जातंतूंच्या रचनेत आहे. हृदयाकडून येणारे वेदनेचे तंतू आणि हातांकडून, जबड्याकडून येणारे तंतू वाटेत एकमेकांच्या निकट येतात. मेंदूला तार मिळते, पण ती कोणत्या गावाहून आली हे त्याला नीट वाचता येत नाही. वेदनेबरोबर थंड घाम सुटणे, धाप लागणे, मळमळ किंवा उलटी होणे, भोवळ येणे, चेहरा फिकट पडणे, आणि काही तरी फार वाईट घडणार अशी अकारण भीती वाटणे, हीही लक्षणे होत. यांतील थंड घामाला मी विशेष महत्त्व देतो. भर थंडीत रजईत बसलेल्या माणसाचा सदरा घामाने ओला झाला, तर आणखी कसली वाट पाहावयाची?

एका बोटाने दाखविता येणारी, क्षणभर सुईसारखी टोचून जाणारी, दाबल्यावर किंवा श्वास घेतल्यावर वाढणारी वेदना बहुधा हृदयाची नसते. ‘बहुधा’ हा शब्द वाचकांनी येथे दोनदा वाचावा. ती नक्की कशाची आहे, हे हृदयाचा विद्युत्-आलेख आणि रक्ताची तपासणी यांवाचून डॉक्टरलाही सांगता येत नाही. मग आपण घरी बसून ते ठरविण्याचा हट्ट का धरावा? इतकेच नव्हे, तर पहिला आलेख निर्दोष आला म्हणून झटका नाही असेही होत नाही. कधी कधी तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो. ‘आलेख चांगला आहे’ एवढे ऐकून, दुखणे चालू असतानाच घरी परतण्याची घाई करू नये.

येथे आपण शीर्षकातील प्रश्नाशी आलो. आपल्या देशात हृदयविकाराचा सर्वांत मोठा सोबती कोण असेल, तर तो ‘गॅस’. लखनौत पहाटे निहारी-कुलचा खाणारे आहेत, रात्री उशिरापर्यंत कबाबांच्या दुकानांपुढे उभे राहणारे आहेत. दुसऱ्या दिवशी छातीत जळजळले की दोष त्या निहारीच्या माथी बसतो. महाराष्ट्रात तोच मान मिसळीला किंवा लग्नातल्या जेवणाला मिळतो. मग ओवा, हिंग, सोडा, आम्लपित्ताची गोळी, गरम पाणी, शतपावली असा क्रम सुरू होतो, आणि प्रत्येक उपायाला अर्धा-अर्धा तास द्यावा लागतो. योगायोगाने एखादी ढेकर आली आणि थोडे बरे वाटले, की निदान पक्के झाले!

ही चूक केवळ आपलीच नाही, आणि केवळ अडाण्यांची तर मुळीच नाही. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१२ साली हृदयाच्या रोहिणीत अचानक होणाऱ्या अडथळ्याचे जे प्रसिद्ध वर्णन केले, त्यातील रुग्ण पंचावन्न वर्षांचा होता. जेवणानंतर तासाभराने त्याला दुखू लागले, मळमळले; खाल्लेले काही बाधले असे समजून त्याने उलटी काढली. १९५५ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर डेन्व्हर येथे गोल्फ खेळत असताना त्यांना अपचनासारखे वाटू लागले. दुपारच्या जेवणात कच्चा कांदा होता, त्याच्यावर दोष गेला. रात्री छातीत दुखून ते जागे झाले. सकाळी वृत्तपत्रांना सांगण्यात आले ते पोट बिघडल्याचे. तो हृदयविकाराचा झटका होता, हे विद्युत्-आलेख निघाल्यावर, दुपारनंतर जगाला कळले. ज्याच्या उशाशी डॉक्टर असतो, त्याच्या बाबतीतही जर पोटाने अशी हुलकावणी दिली, तर तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरातील ओव्याच्या डबीवर किती विसंबावे? हृदयाच्या खालच्या भागाला इजा झाली म्हणजे वेदना पोटाच्या वरच्या भागात जाणवते आणि उलटीही होते. म्हणून हा घोटाळा होतो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला, त्यातही मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान यांपैकी काही असलेल्या माणसाला, पूर्वी कधी नव्हते असे ‘अपचन’ घाम आणि धाप घेऊन आले, तर ते हृदयाचे आहे असे धरून चालावे. नंतर ते पोटाचेच निघाले, तर एक फेरी व्यर्थ गेली इतकेच. (पान-जर्द्याचे शौकीन ‘आम्ही सिगारेट ओढीत नाही’ असे निश्चिंतपणे सांगतात. तंबाखू धुरातून गेला काय किंवा किवामातून गेला काय, हृदयाला त्याचा उपसर्ग पोचतोच.)

मधुमेह्यांच्या बाबतीत एक निराळी अडचण आहे. बरीच वर्षे मधुमेह असलेल्या माणसाचे मज्जातंतू बधिर होत जातात. झटका येतो, पण वेदनेची तार मेंदूपर्यंत जातच नाही. असा माणूस फक्त थकतो, घामेजतो, त्याला धाप लागते. घरच्यांना वाटते साखर कमी झाली. साखर अवश्य तपासावी. ती ठीक असूनही माणूस ठीक नसेल, तर हृदयाचा विचार करावा. अतिवृद्धांमध्ये तर कधी कधी नुसता गोंधळलेपणा किंवा अचानक आलेली गळून गेल्याची भावना, एवढेच लक्षण असते.

स्त्रियांविषयी थोडे विस्ताराने लिहावयास हवे, कारण येथे शरीराच्या भाषेइतकाच घराचा रिवाजही आड येतो. स्त्रियांनाही छातीतील दडपणाचे लक्षण सर्वांत अधिक प्रमाणात होते. परंतु त्याच्या जोडीला, किंवा कधी त्याच्याऐवजी, धाप, मळमळ, पाठीतील किंवा जबड्यातील दुखणे, झोप उडणे आणि काही दिवस आधीपासून जाणवणारा विलक्षण थकवा ही लक्षणे पुरुषांपेक्षा अधिक दिसतात. आता समजा, एका घरातील गृहिणी संध्याकाळी कणीक मळता मळता खाली बसते. विचारले तर म्हणते, “काही नाही, जरा दमल्यासारखे झाले.” ती उठते, सर्वांना वाढते, स्वतः जेवत नाही, आणि ‘पित्त झाले असेल’ असे म्हणून अंथरुणाला पाठ टेकते. घरातील कर्त्या पुरुषाला असेच झाले असते, तर शेजारपाजार गोळा झाला असता. तिच्यासाठी मात्र सकाळपर्यंत थांबण्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही, तिलाही नाही. ऋतुनिवृत्तीपर्यंत स्त्रीला हृदयविकारापासून काहीसे संरक्षण असते, हे खरे; पण ते पुढे ओसरते, आणि मधुमेह असेल तर आधीच ओसरते. बाई ‘काही नाही’ म्हणते, तेव्हा तिच्या शब्दांवर न जाता तिच्या कपाळावर हात ठेवून पाहावा. ते थंड आणि ओले लागले, तर तिची परवानगी न मागता मदत बोलवावी.

विलंबाचे आणखी एक कारण आहे, आणि लखनौत राहणाऱ्याला ते अधिकच जाणवते. हे शहर अदबीचे. ‘पहले आप’ म्हणता म्हणता गाडी सुटल्याची गोष्ट कुणी ऐकली नाही? मध्यरात्री शेजाऱ्याचे दार ठोठवावयाचे, कुणाची झोपमोड करावयाची, हे येथील तकल्लुफात बसत नाही. आम्हा मराठी माणसांजवळ त्याला आमचा स्वतःचा शब्द आहे : भीड. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली कैसरबागेत संगीत विद्यालयाची स्थापना करविली, तेव्हापासून या शहरात मराठी माणसांचे येणे-जाणे आहे, आणि भीड व तकल्लुफ यांचे येथे चांगलेच सूत जमले आहे! ‘एवढ्या रात्री कुणाला त्रास कशाला? उजाडू दे, मग पाहू.’ हे वाक्य सभ्य माणसाचे आहे. पण त्याच्या सभ्यपणाची किंमत त्याच्या हृदयाचा स्नायू मोजीत असतो. त्यामागे कधी खर्चाची धास्तीही असते, आणि ती खोटी नाही. वर सांगितलेल्या भारतीय पाहणीतच गरीब रुग्णांना उपचार कमी मिळाले आणि महिन्याभरात दगावण्याचे त्यांचे प्रमाणही अधिक आढळले. तरीसुद्धा एक गोष्ट सांगावीशी वाटते : उशिरा पोचलेल्या रुग्णाचा खर्च कमी होत नाही. दुबळ्या झालेल्या हृदयाची औषधे आणि पुन्हा पुन्हा रुग्णालयात दाखल होणे, हा खर्च आयुष्यभर पुरतो.

मग करावयाचे काय? रुग्णाला आहे तेथेच, पाठीला आधार देऊन अर्धवट बसवावे. जिना चढू-उतरू देऊ नये, ‘जरा फिरून ये, वारा सरेल’ असे तर मुळीच म्हणू नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रात सारखाच आहे. बोलताना प्रथम पत्ता आणि जवळची ठळक खूण सांगावी, मग ‘छातीत दुखते आहे, घाम आहे, धाप आहे’ एवढेच सांगावे. संपूर्ण हकिगत सांगत बसू नये. थंडीत धुके असेल तर घरातील एकाने दिवा घेऊन रस्त्याच्या तोंडाशी उभे राहावे. रुग्णवाहिका येण्यास फार वेळ लागणार असेल, तर मिळेल त्या मोटारीने निघावे. परंतु रुग्णाने स्वतः चालवावयाचे नाही, आणि दुचाकीवर मागे बसूनही जावयाचे नाही.

अ‍ॅस्पिरिनची साधारण ३०० मिलिग्रॅमची मात्रा या वेळी चावून घेतल्याने लाभ होतो. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १७,१८७ रुग्णांवरील एका मोठ्या प्रयोगात केवळ अ‍ॅस्पिरिनने पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांमुळे होणारे मृत्यू सुमारे एकचतुर्थांशाने घटले, आणि गुठळी विरघळविणाऱ्या औषधाची जोड मिळताच ही घट ४२ टक्क्यांपर्यंत गेली. इतक्या स्वस्त गोळीचे हे काम आहे. गोळी गिळण्याऐवजी चावली म्हणजे ती लवकर रक्तात जाते. मात्र जिला अ‍ॅस्पिरिनची वावडी आहे, जठरातून रक्तस्राव झालेला आहे, किंवा ज्या रुग्णाचे तोंड वाकडे झाले आहे, बोलणे अडखळते आहे, एक बाजू लुळी पडली आहे, अशांना ती देऊ नये. आणि वेष्टनावरील नाव वाचून द्यावी. तापाची दुसरी कोणतीही गोळी तिच्या जागी चालत नाही. जिभेखाली ठेवावयाची गोळी शेजाऱ्याच्या डबीतून आणून देण्याची पद्धत तर घातकच होय. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. ज्याला त्याच्या डॉक्टरांनी ती लिहून दिली असेल, त्यानेच सांगितल्याप्रमाणे घ्यावी. ‘जोरजोराने खोकत राहा म्हणजे झटका टळेल’ असा एक संदेश भ्रमणध्वनीवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यात तथ्य नाही. खोकण्यात गेलेला वेळ दूरध्वनी करण्यात घालवावा.

कोठे जावयाचे, हे आधीच ठरवून ठेवावे. नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना, मग तपासणीचे केंद्र, मग एक लहान रुग्णालय, मग मोठे, अशा पायऱ्या चढत गेल्याने तास निघून जातात. जेथे रात्रीही विद्युत्-आलेख निघतो आणि गुठळी विरघळविणारे औषध तरी दिले जाते, तेथेच सरळ जावे. लखनौत किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचे लारी हृदयरोग केंद्र आणि रायबरेली रस्त्यावरील संजय गांधी संस्था ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. पण हा मजकूर वाचणारी सर्वच कुटुंबे लखनौत नाहीत. कुणी गडचिरोलीच्या एखाद्या तालुक्यात असेल, कुणी बेळगावजवळच्या गावात. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की रोहिणी फुग्याने उघडण्याची सोय असलेल्या रुग्णालयात पोचून ती क्रिया होण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागणार असेल, तर जवळच्या रुग्णालयात आधी गुठळीवरील औषध घेऊन मग पुढे जाणे श्रेयस्कर, असे आजचे वैद्यक मानते. मोठ्या शहराच्या ओढीने जवळचे जिल्हा रुग्णालय टाळून पुढे जाऊ नये.

रुग्ण अचानक कोसळला, हाक मारून, खांदे हलवून उत्तर देत नाही, श्वास थांबला आहे किंवा मधूनच आचके देतो आहे, तर नाडी शोधण्यात वेळ घालवू नये. एकाने १०८ ला कळवावे. दुसऱ्याने त्याला कठीण जमिनीवर उताणे निजवून, छातीच्या मध्यावर एका तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात ठेवून, कोपरे ताठ राखून सरळ खाली दाबावे. मोठ्या माणसाची छाती पाच सेंटिमीटर तरी खाली जावी आणि प्रत्येक दाबानंतर ती पुरती वर येऊ द्यावी. मिनिटाला १०० ते १२० वेळा. हात दमतात, दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा, पण दाब थांबवू नये. बरगडी मोडेल अशी भीती वाटते, कधी मोडतेही. ती पुढे सांधते. अनेक रुग्णालये व रेड क्रॉस यांसारख्या संस्था हे शिक्षण देतात. घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी ते अवश्य घ्यावे. हाताला सराव असला म्हणजे ऐनवेळी मन गोंधळत नाही.

झटका येण्यापूर्वीही हृदय पुष्कळदा सूचना देते. जिना चढताना, भरल्या पोटी चालताना, थंड वाऱ्यात घाईने जाताना छातीत आवळल्यासारखे होते आणि उभे राहिले की दोन-चार मिनिटांत ओसरते. लंडनचे डॉ. विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये या दुखण्याचे वर्णन वैद्यांपुढे वाचले होते. त्यात आजही फारसा बदल करावा लागत नाही. असे होऊ लागले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. पूर्वीपेक्षा कमी श्रमांत, अधिक वेळा, किंवा बसल्या जागी दुखू लागले, तर आठवडाही थांबू नये. त्याच दिवशी जावे. हिवाळ्यात सकाळच्या फेरफटक्याचा नेम असणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ऊन पडल्यावर, कानटोपी घालून बाहेर पडावे. नेम मोडल्याचा दोष त्यांना लागणार नाही.

आणि एक लहानसे काम आज संध्याकाळीच उरकून ठेवावे. घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीसाठी एका कागदावर तिचे वय, असलेले विकार, चालू औषधे व त्यांच्या मात्रा, कोणत्या औषधाची वावडी आहे ते, आणि कोणत्या रुग्णालयात जावयाचे ते लिहावे. पूर्वी काढलेला विद्युत्-आलेख असेल तर त्याची प्रत सोबत ठेवावी. नवा आलेख वाचताना डॉक्टरांना जुन्याचा मोठा आधार होतो. पाकीट दाराजवळच्या कपाटात, सर्वांना ठाऊक असलेल्या जागी राहू द्यावे. रुग्णालयात पोचल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील तो हा, की दुखणे किती वाजता सुरू झाले. म्हणून घरात कुणी छातीवर मूठ धरून बसले, तर प्रथम घड्याळाकडे पाहावे आणि ती वेळ त्याच पाकिटावर लिहून मग दूरध्वनी उचलावा.